भुईलगतची मोटार

मालवाहू मोटारीच्या मागच्या चाकांपाशीं वांकून पाहिलें, तर पोलादाच्या लांबट पट्ट्या एकावर एक रचून मध्यें घट्ट आंवळलेल्या दिसतात. सर्वांत लांब पट्टीचीं टोंकें वळवून त्यांचे डोळे केलेले असतात. बाकीच्या पट्ट्या क्रमाक्रमानें आंखूड होत जातात. आपल्याकडील मिस्त्री यांना पाटे म्हणतात. धक्के सोसणें आणि ओझें पेलणें हें त्यांचें काम. पण अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत हे पाटे किती खालीं उतरवावे हा प्रश्न पोलिसांपर्यंत गेला, आणि तेथें तो ६६ वर्षें राहिला.

गाडी ठेंगणी करण्याची कल्पना कांहीं आजची नव्हे. लंडनच्या लँबेथ भागांत गाड्या बांधणाऱ्या ओबाडाया एलियटनें १८०४ सालीं लंबवर्तुळाकार पाट्यांचें पेटंट घेतलें. त्यापूर्वीं घोडागाडीचे पुढचे व मागचे आंस जोडावयास एक जाड दांडी लागे. एलियटच्या पाट्यांमुळें ती दांडी गेली, आणि गाडी हलकी होऊन जमिनीजवळ आली. मोटारीनें घोडागाडीपासून जें घेतलें त्यांत हे पाटेही आले. १९२५ सालीं फोर्ड कंपनीनें आपल्या मॉडेल टी गाडीला कारखान्यांतच हौदा बसवून ती २८१ डॉलरांस विकावयास काढली. अशा हौद्याच्या गाडीची अडचण स्वभावतःच असते. भरल्या हौद्यानें गाडी सपाट राहावी म्हणून मागचे पाटे कडक ठेवावे लागतात. मग हौदा रिकामा असला कीं गाडीचें बूड वर उचललेलें दिसतें. पाहणाऱ्याच्या डोळ्याला तें खटकतें, आणि पाटे उतरविण्याचा मोह तेथेंच सुरू होतो.

या मोहाला सामाजिक अर्थ आला तो लॉस एंजेलिसच्या पूर्व भागांत, मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या वस्तींत. १९४३ च्या जूनमध्यें गोऱ्या नाविकांनीं या वस्तींतील तरुणांना त्यांच्या लांब कोटांवरून व सैल विजारींवरून रस्त्यांत गांठून मारलें, अंगावरचे कपडे फाडले. युद्ध संपल्यावर त्याच वस्तींतल्या तरुणांच्या हातीं थोडा पैसा खेळूं लागला. नवी मोटार परवडेना, पण जुनी शेव्हरोले घेतां येई. गोऱ्या तरुणांत त्या वेळीं इंजिनें सुधारून गाड्या भरधांव हांकण्याची चढाओढ होती. यांनीं नेमकी उलट वाट धरली. गाडी शक्य तितकी भुईलगत आणावी, रंगवून लखलखीत करावी, आणि सुटीच्या संध्याकाळीं व्हिटियर बुलेव्हार्डवरून सारी आळी पाहील अशी सावकाश न्यावी. ज्या शहरानें त्यांना कडेला ठेवलें होतें, त्याच शहराच्या हमरस्त्यानें मधोमध, घाई न करतां जाणें, याला केवळ हौस म्हणणें अपुरें होईल.

हें काम बहुधा घरच्या अंगणांत चाले. पहिला उपाय अगदीं बाळबोध: डिकींत वाळूचीं पोतीं टाकावयाचीं. पाटे दबत, पण ओझें कायमचें वाहावें लागे. दुसरा, पाटे तापवून त्यांची कमान उतरविण्याचा. हा फसवा खरा, कारण पोलादाला दिलेलें पाणी आंचेनें उतरतें, आणि असा पाटा पुढें ढिला पडतो किंवा खड्ड्यांत तुटतो. तिसरा उपाय एखादी पट्टी काढून टाकण्याचा. सारख्या जाडीच्या ५ पट्ट्यांतली १ काढली, तर कडकपणा सुमारें पंचमांशानें घटतो. गाडी खालीं येते, चालही मऊ होते. परंतु उरलेल्या ४ पट्ट्यांवर प्रत्येकीं सव्वापट ताण पडतो, हें काढणाऱ्याच्या लक्षांत फार उशिरां येतें.

शहाण्या कारागिराचा मार्ग निराळा. ज्या गाड्यांत आंस पाट्यांच्या वर बसतो, त्यांत पाटा व आंस यांच्यामध्यें लोखंडी ठोकळा घालावयाचा. ठोकळा २ इंचांचा असेल तर गाडी २ इंच उतरते, आणि पाट्यांचा कडकपणा होता तसाच राहतो. त्यासाठीं गाडीचा सांगाडा भक्कम घोड्यांवर टेकवितात, यू-बोल्ट सोडून आंस जॅकनें उचलतात, ठोकळा बसवितात आणि नवे लांब यू-बोल्ट आंवळतात. पाट्यांच्या मधल्या बोल्टाचें डोकें ठोकळ्याच्या खांचेंत नीट बसलें पाहिजे. नाहींतर आंस तिरका सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. आंस पाट्यांच्या खालीं असेल, तर मात्र हाच ठोकळा गाडीला उलट वर उचलतो. कित्येक पिकअप ट्रकांत मांडणी अशीच असते. तेथें आंसच काढून पाट्यांच्या वर न्यावा लागतो, आणि गाडी एकदम ५-६ इंच खालीं येते. मग आंसाला वर उसळावयास जागा उरत नाहीं, म्हणून सांगाड्याच्या तुळईला अर्धगोल खांच पाडून ती पोलादानें पुन्हां बळकट करतात. अंगणांतली हौस येथें खऱ्या लोहारकामाला येऊन भिडते.

१ जानेवारी १९५८ पासून कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याचें २४००८ वें कलम लागू झालें. मूळ रचना बदलून गाडीचा चाकांव्यतिरिक्त कोणताही भाग चाकाच्या कड्याच्या तळापेक्षां खालीं आणण्यास त्यानें बंदी केली. नियमाला तर्क होता: टायर फुटला कीं गाडी कड्यावर बसते, आणि त्याखालीं लोंबणारा भाग रस्त्यावर घांसतो. पण हव्या त्या तरुणाला अडवावयास पोलिसांना हें निमित्त मिळालें, ही त्या वस्तीची तक्रार पिढ्यान्‌पिढ्या टिकली. कायद्याला उत्तर शोधलें तेंही कारागिरांनींच. १९५९ च्या सुमारास रॉन अगीरे या तरुणानें विमानांच्या मोडींतले तेलदाबाचे पंप आपल्या कॉर्व्हेटला जोडले. बटण दाबतांच गाडी वर उठे; पोलीस दिसे तोंवर ती कायदेशीर झालेली असे!

शेव्हरोलेनें १९५८ पासून आपल्या मोटारींना मागें पाट्यांऐवजीं गुंडाळीच्या स्प्रिंगा घातल्या, आणि तेलदाबाची ही युक्ति त्यांना चांगली मानवली. ट्रकाचे पाटे मात्र गेले नाहींत. पुढें १९७० नंतर डाटसन व टोयोटा यांचे छोटे जपानी ट्रक तरुणांच्या हातीं आले, तेव्हां ठोकळ्यांची जुनी विद्याच पुन्हां कामीं आली. तो ट्रक मग ओझ्याच्या फारसा उपयोगाचा राहत नसे. पण ज्याला तो हवा होता त्याला विटा वाहावयाच्या नव्हत्या.

गाडी खालीं असण्यावर बंदी होतीच, पुढें ती सावकाश जाण्यावरही आली. १९८२ सालीं राज्यानें नगरपालिकांना रस्त्यावरील फेऱ्या रोखण्याचा अधिकार दिला, आणि सॅन दिएगोजवळील नॅशनल सिटीनें १९९२ मध्यें तो बजावला. तेथील बंदी उठावयास २०२३ साल उजाडावें लागलें. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरांत गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनीं डेव्हिड आल्व्हारेझ यांच्या विधेयकावर सही केली. १ जानेवारी २०२४ रोजीं २४००८ वें कलम रद्द झालें, आणि सावकाश फेऱ्यांना मज्जाव करण्याचा नगरपालिकांचा अधिकारही त्याच दिवशीं संपला.