दुकानातला अंधार

बाबांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान बंद करायचं ठरलं, तेव्हा मी सुट्टी काढून साताऱ्याला गेलो. आठ फूट रुंद आणि आत बोळासारखं लांब असं ते दुकान. भरदिवसासुद्धा मागे अंधार; भिंतीवरची घड्याळं दिसण्याआधी ऐकू यायची. पुढे टेबललॅम्प आणि त्याच्या उजेडात बाबांचे दोन हात. लहानपणापासून माझ्यासाठी दुकान म्हणजे एवढंच.

मी फोन काढून वीसेक फोटो मारले. रात्री बाबांना दाखवले. दोन-तीन बघून ते म्हणाले, "छान आलेत. पण हे आपलं दुकान वाटत नाही रे."

खरंच होतं. फोनने मागचा सगळा अंधार पुसून टाकला होता. जळमटं, लोंबणाऱ्या वायरी, जुनं कॅलेंडर, सगळं लख्ख. लॅम्पचा उजेड कुठे संपतो तेच कळत नव्हतं. चावी परत द्यायला दोन दिवस उरले होते.

प्रोग्रॅम भलतंच काही करायला लागला की आम्ही आधी विचारतो, हे डिफॉल्ट ठरवलं कुणी? त्या रात्री मी तोच प्रश्न कॅमेऱ्याला विचारत बसलो. उत्तर शोधता शोधता पार १८३८ पर्यंत मागे गेलो.

त्या वर्षी पॅरिसमध्ये लुई दागेरने उंचावरच्या खिडकीतून बुलेव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचा फोटो घेतला. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रकाश उमटायला काही मिनिटं लागायची. रस्त्यावर माणसं होती, घोडागाड्या होत्या. पण हलणारं काहीच पत्र्यावर टिकलं नाही. सगळा रस्ता ओस पडल्यासारखा दिसतो. अपवाद कोपऱ्यातल्या एका माणसाचा. तो बुटांना पॉलिश करून घेत होता, म्हणून एका जागी उभा होता आणि म्हणून उरला. १८३९ मध्ये हे चित्र पाहून सॅम्युअल मोर्स चकित झाला आणि त्याने भावाला पत्रातून ही गंमत कळवली. मोर्स म्हणजे तोच, तारायंत्रवाला.

तुमच्या फोनचा नाइट मोड 'हलू नका' म्हणतो, तेव्हा तो दागेरचंच काम करत असतो, उजेड साठवण्याचं. म्हणून फोन भिंतीला किंवा डब्याला टेकवा, तीन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबतानाचा हिसका बसत नाही. आणि समोरच्याला 'पोझ दे' म्हणण्यापेक्षा तो ज्या कामात आपोआप स्थिर होतो, ते काम त्याला करू द्या. सुईत दोरा ओवणारा माणूस फोटोसाठी थांबलेल्या माणसापेक्षा जास्त स्थिर असतो.

पुढची अडचण उजेड-अंधाराच्या दरीची. १८५० च्या दशकातल्या काचेवरच्या निगेटिव्हची रसायनं निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद द्यायची. समुद्र नीट यावा इतका वेळ दिला की आकाश पांढरंफटक. ढग जपले की समुद्र काळाठिक्कर. फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रेने यावर तोडगा काढला. त्याने काही चित्रांसाठी दोन निगेटिव्ह वापरल्या, एक समुद्राची आणि एक आकाशाची, आणि छापताना त्या क्षितिजाच्या रेघेवर जोडल्या. सेत बंदरातल्या लाटेचं त्याचं १८५७ चं प्रसिद्ध चित्र असंच बनलं आहे.

आज एचडीआर नावाखाली फोन हेच करतो. काही फोन कमी-जास्त एक्स्पोजरचे, तर काही एकसारख्या कमी एक्स्पोजरचे अनेक फोटो क्षणात घेऊन एकत्र करतात. फरक एवढाच, की जोड कुठे आणि किती द्यायचा हे ल ग्रे स्वतः ठरवत होता. फोनला तुमची लाट कोणती हे माहीत नसतं. त्याला सगळंच दाखवायचं असतं.

मग ठरवायचं कसं? याचं उत्तर मला अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सकडे मिळालं. १ नोव्हेंबर १९४१ च्या संध्याकाळी न्यू मेक्सिकोतून गाडीने परतताना त्याला हर्नांडेझ गाव दिसलं. वर चंद्र, खाली कबरस्तानातल्या क्रूसांवर शेवटची उन्हं. धावपळीत अवजड कॅमेरा उभा केला, तर प्रकाश मोजायचं मीटर सापडेना. त्याला चंद्राच्या तेजाचा आकडा पाठ होता. त्यावरून हिशेब करून त्याने एक फोटो घेतला. दुसरा घ्यायच्या आत क्रूसांवरचं ऊन गेलं.

अ‍ॅडम्सने चंद्राला धरून हिशेब केला आणि जमिनीच्या वाट्याला जो अंधार आला तो येऊ दिला. आपणही हेच करू शकतो. फ्रेममधल्या सगळ्यांत महत्त्वाच्या उजळ जागेवर बोट ठेवा. तिथे सूर्याची खूण किंवा पट्टी दिसेल, ती खाली ओढा. बाकीचं काळं पडेल, पडू द्या. फोनचा सरासरी हिशेब अंधाऱ्या खोलीला करड्या उजेडाकडे ओढत असतो. त्याला थांबवणारं बोट आपलंच लागतं.

हे सगळे इंजिनिअर विसरले होते असंही नाही. २०१८ मध्ये गूगलने नाइट साइट आणलं, तेव्हा रात्र रात्रीसारखीच दिसावी म्हणून सावल्या गडद ठेवण्याची चित्रकारांची जुनी युक्ती त्यांनी वापरली होती. पण कुठलाही डिफॉल्ट लाखो खोल्यांसाठी असतो. बाबांचं दुकान एकच होतं.

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर आम्ही दुकान उघडलं. गिऱ्हाईक न्यायला न आलेलं एक एचएमटी शिल्लक होतं. बाबांनी डोळ्याला भिंग लावलं, कोपरं टेबलावर टेकवली, चिमटा उचलला आणि श्वास रोखून धरला. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या माणसाइतकं स्थिर कोण असतं? मी फोन खोक्यांच्या चवडीला टेकवला, त्यांच्या हातांवर बोट ठेवलं आणि पट्टी जवळपास तळापर्यंत ओढली.

फोटोत दोन हात, भिंगाची चकाकी, कपाळाची एक कड. मागे हलत्या लंबकाची पुसट रेघ. बाकी काळोख.

बाबा बराच वेळ बघत राहिले. मग स्क्रीनवरच्या अगदी काळ्या भागावर बोट ठेवून म्हणाले, "इथे ते टोल्यांचं घड्याळ. आणि त्याच्या खाली तुझी शाळेची बॅग असायची."