खालच्या अंगाला कोण राहतं?

कोयनेचं पाणी कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि पुढे सांगलीत येतं. धरण साताऱ्यात, पूर सांगलीत. म्हणून पावसाळ्यात आम्हा सांगलीकरांना दोन आकडे तोंडपाठ असतात: कोयनेचा विसर्ग आणि आयर्विन पुलाजवळची पातळी. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. खापर कुणावर फोडायचं हा वाद आज नको.

आज बोलायचंय ते संगणकवाल्यांनी नदीकडून उचललेल्या एका शब्दाबद्दल. डाउनस्ट्रीम, म्हणजे खालच्या अंगाचे.

आपण ब्राउझरमधून व्हिडिओ कॉल करतो, त्यामागे बहुतेक वेळा वेबआरटीसी असतं. गूगलने २०१० मध्ये ग्लोबल आयपी सोल्युशन्स ही कंपनी सुमारे ६.८ कोटी डॉलरला घेतली आणि २०११ मध्ये हा कोड सगळ्यांसाठी खुला केला. जानेवारी २०२१ मध्ये त्याला अधिकृत वेब मानकाचा दर्जा मिळाला. क्रोम, गूगल मीट आणि कितीतरी ॲप या एकाच उगमावर चालतात. उगमाशी एक ओळ बदलली की खाली कुठे काय तुंबेल, हे बदलणाऱ्याला दरवेळी दिसतंच असं नाही. चाचण्या पास होतात, बदल आत जातो आणि तिसऱ्याच कुणाचं तरी काम मोडतं.

मग काय करतात? आधी बदल मागे घेतात, चौकशी नंतर. याला म्हणतात रिव्हर्ट. या कोडच्या नोंदी कुणालाही वाचता येतात. त्या चाळताना मला मागे घेण्याचं एक कारण वारंवार दिसतं: खालच्या अंगाचा प्रकल्प मोडला. बस, एवढं कारण पुरतं. 'तुमचंच जुनं आहे, तुम्ही बदला' म्हणून आधी भांडत बसत नाहीत. दोष सापडला की तोच बदल दुरुस्त करून पुन्हा आत घेतात. त्यात कुणाची नाचक्की होत नाही.

रिव्हर्ट म्हणजे खाडाखोडही नाही. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये केलेल्या गिटमध्ये जुनी नोंद तशीच राहते. तिच्या उलट बदलाची नवी नोंद वर चढते. आपल्या तलाठ्याला हे नवं नाही. सातबाऱ्यावर जुनं नाव पुसत नाहीत, त्याला कंस करतात आणि फेरफाराचा नंबर टाकतात. तो फेरफार प्रांतांकडे अपिलात रद्द झाला, तर त्याचीही नवी नोंद होते. शिवाय नोंद मंजूर होण्याआधी नोटीस निघते, हरकत घ्यायला मुदत मिळते.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण असं. महाराष्ट्र सरकार विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००३ मध्ये व्हिडिओवरून साक्ष घ्यायला मान्यता दिली. आज ई-संजीवनीवर डॉक्टर व्हिडिओवर तपासतात. म्हणजे पाटण नाहीतर शिराळ्याच्या डोंगरातल्या म्हातारीचा जुना फोन, हा आता खालच्या अंगाचा प्रकल्प झालाय. एका अपडेटने तो चालेनासा झाला, तर तिची साक्ष राहते, औषध राहतं. आणि तिला सांगितलं जातं, "आजी, नवीन फोन घ्या."

धरणातून सोडलेलं पाणी परत आत घेता येत नाही. कोड घेता येतो. मग तो न घेण्याला सबब काय?

माझं म्हणणं एवढंच. लोकांचं काम ज्यावर चालतं अशा प्रत्येक सरकारी ॲपवर चार गोष्टी मराठीत लिहिलेल्या असाव्यात: बदल कधी केला, का केला, अडलं तर कुणाला सांगायचं, आणि जुनी पद्धत किती तासांत परत मिळेल. विसर्गाचा आकडा आम्हाला दर पावसाळ्यात कळवतातच की. हेही कळवा.