राजाश्रयाकडून तिकिटाकडे : मराठी संगीत रंगभूमीचा एक हिशेब

आपल्या वाङ्मयेतिहासात नाटकाचा विचार बहुधा संहितेच्या अंगाने होतो. नाटककार कोण, कथावस्तू कोठून घेतली, रसपरिपोष कसा साधला, या प्रश्नांची चर्चा विस्ताराने होते आणि ती व्हावीही. परंतु नाटक हा असा वाङ्मयप्रकार आहे की, वाचकाच्या हाती पडण्यापूर्वी त्याला पडदे, पोशाख, दिवाबत्ती आणि मंडळीतील माणसांचे दोन वेळचे जेवण यांची तरतूद करावी लागते. ही तरतूद कोणी केली, हा प्रश्न केवळ व्यापाराचा नव्हे. त्याच्या उत्तराबरोबर नाटकाचे स्वरूपही पालटत गेले आहे. प्रस्तुत लेखात मराठी संगीत रंगभूमीकडे या एकाच बाजूने पाहण्याचा हेतू आहे.

आरंभ सर्वांच्या परिचयाचा आहे. 1842 साली उत्तर कानड्यातील कर्की येथील भागवत मंडळींचे खेळ सांगलीस झाले. ते पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या मनात आले की, असे काही मराठीत व्हावे. ती कामगिरी त्यांनी विष्णु अमृत भावे यांजकडे सोपविली आणि 5 नोव्हेंबर 1843 रोजी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. मराठी रंगभूमी दिन आपण याच तिथीस साजरा करतो. या खेळांत पदे म्हणण्याचे काम सूत्रधाराकडे असे. पात्रे आपापली भाषणे बहुधा आयत्या वेळी रचून बोलत. विदूषक हसवी आणि राक्षस आरडाओरड करीत प्रवेश करी. खर्च दरबारचा होता. प्रेक्षक हे राजाचे पाहुणे होते, नाटकाचे आश्रयदाते नव्हते.

1851 साली आप्पासाहेब निवर्तले आणि हा आधार तुटला. विष्णुदासांपुढे कर्ज आणि मंडळींचा चरितार्थ हे दोन प्रश्न उभे राहिले. त्यांनी मंडळी घेऊन दौऱ्याचा मार्ग धरला आणि 1853 साली मुंबईत ग्रँट रोडवरील नाटकगृहात तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटकाच्या इतिहासात 1843 इतकेच 1853 हे साल महत्त्वाचे मानावे, असे माझे मत आहे. पहिल्या साली नाटक जन्मास आले. दुसऱ्या साली ते स्वतःच्या पायांवर उभे राहिले. दरबारात बैठक मानाप्रमाणे लागे, नाटकगृहात ती दराप्रमाणे लागू लागली. विषमता नाहीशी झाली असे नव्हे. ती मानाऐवजी पैशाने मोजली जाऊ लागली, एवढेच. परंतु ज्याला दरबाराचे आमंत्रण कधीच आले नसते, तो अनोळखी माणूस नाटकाचा आश्रयदाता झाला, ही गोष्ट लहान नव्हे.

पुढे इचलकरंजीकर, आळतेकर अशा अनेक मंडळ्या याच मार्गाने निघाल्या. मुक्काम करावा, खेळ लावावा, उत्पन्न आटले की बिऱ्हाड हलवावे, असा त्यांचा क्रम असे.

या व्यवहाराला खरे वळण दिले ते आमच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे 1843 सालीच जन्मलेल्या बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी. काही काळ शिक्षकी आणि पुढे सरकारी नोकरी केलेल्या या गृहस्थांनी पुण्यात पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’ हा खेळ पाहिला आणि 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यातच ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. कीर्तनातील साक्या-दिंड्यांबरोबर कानडी चालीही त्यांनी सहज सामावून घेतल्या. सीमेवर वाढलेल्या कानाला त्यात परके असे काही वाटले नसावे. परंतु त्यांची मुख्य सुधारणा अशी की, पद आता सूत्रधार म्हणेना. ज्याचे दुःख त्यानेच ते गावे, असे ठरले. हा निर्णय सर्वस्वी कलेचा होता. त्याचा परिणाम मात्र हिशेबाच्या वहीत उमटला. 1882 साली बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर मंडळीत आले आणि ‘सौभद्रा’तील सुभद्रा गाऊ लागली, तेव्हा लोक नाटकाइतकेच त्या गळ्यासाठी तिकीट काढू लागले. गायक नट हे मंडळीचे भांडवल झाले.

तिकिटाने नाटकाला दूरवर नेले, हेही सांगितले पाहिजे. जरठ-कुमारी विवाहावर आघात करणारे गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘शारदा’ 1899 साली प्रथम झाले ते इंदुरास; केशवराव भोसले यांची ‘ललितकलादर्श’ 1908 साली स्थापन झाली ती हुबळीस. मराठी प्रेक्षक जेथे होता, तेथवर मंडळी गेली.

मात्र तिकीट म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. राजाची मर्जी गेली, तरी सरकारची नजर राहिली. 1876 च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याखाली खाडिलकरांचे 1907 चे ‘कीचकवध’ 1910 साली बंद करण्यात आले. 1923 साली मुंबई इलाख्यात करमणुकीवर करही बसला. दुसरीकडे प्रेक्षकांच्या अपेक्षा वाढत गेल्या. 1913 साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीने पोशाख, पडदे आणि साथसंगत यांत वैभवाची परिसीमा गाठली आणि त्याबरोबर कर्जही वाढले. 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मुंबईत संयुक्त ‘मानापमान’ केले, तो तिकिटाच्या सामर्थ्याचा कळस होय. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. पुढे 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला. बोलपटातील नट एकदा गाई आणि गावोगाव ऐकू येई. मंडळीला मात्र खेळ असो वा नसो, रोज चूल पेटवावी लागे. हे गणित रसिकतेच्या बळावर सुटणारे नव्हते. स्वतः बालगंधर्वांनाही 1935 साली ‘धर्मात्मा’ या चित्रपटात काम करावे लागले.

तेव्हा संगीत नाटक लोकांची अभिरुची बिघडल्यामुळे मागे पडले, हे वरचेवर ऐकू येणारे विधान मला अपुरे वाटते. ज्या तिकिटाने त्याला राजाच्या मर्जीतून सोडविले, त्याच तिकिटाने त्याला रोजच्या उत्पन्नाशी बांधून टाकले. या दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्याखेरीज तो इतिहास पुरा होत नाही.

येथे शिक्षकबंधूंना एक विनंती करावीशी वाटते. नाटकांची पुस्तके ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. परंतु मंडळ्यांच्या जमाखर्चाच्या वह्या, जाहिरातींचे कागद आणि तिकिटांचे तुकडे घरोघरच्या ट्रंकांत वाळवीच्या स्वाधीन होत आहेत. आपल्या गावात मुक्काम केलेल्या मंडळीचा असा एखादा कागद विद्यार्थ्यांकरवी शोधून त्याची नक्कल करून ठेवली, तर वाङ्मयेतिहासाचे ते एक साधन वाचेल. संहिता आपल्याला काय लिहिले गेले ते सांगेल. ते कोणाच्या पैशाने आणि कोणासमोर उभे राहिले, हे त्या वहीवाचून कळणार नाही.