फवारणीची विषबाधा आणि पिवळ्या रंगाची तपासणी

२०१७ चा पावसाळा यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही. कपाशी डोक्याएवढी वाढली होती आणि तिच्यावर फवारणी करणारे शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधा होऊन दवाखान्यात आले. जिल्ह्यात वीसपेक्षा जास्त जण दगावले. सरकारने विशेष तपास पथक नेमले. त्या चौकशीत एका साध्या रक्ततपासणीचा प्रश्न पुढे आला, तो म्हणजे कोलिनेस्टरेझ. ही तपासणी जिथे हवी होती, तिथे तिची सोय नव्हती.

हे कोलिनेस्टरेझ म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ.

१९२१ मध्ये ऑस्ट्रियात ओटो लोवी यांनी बेडकाची दोन हृदये घेतली. पहिल्या हृदयाची नस उत्तेजित केल्यावर त्याचे ठोके मंदावले. त्याच्याभोवतीचे द्रव दुसऱ्या हृदयावर सोडले, तर तेही मंदावले! म्हणजे नस आपला निरोप रसायनाच्या रूपाने पाठवते. हे रसायन म्हणजे असिटिलकोलीन. या संशोधनासाठी लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल मिळाले.

निरोप पोहोचला की तो पुसावाही लागतो, नाहीतर स्नायू आखडलेलेच राहतील. हे पुसण्याचे काम कोलिनेस्टरेझ हे प्रथिन करते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके, उदाहरणार्थ मोनोक्रोटोफॉस, नेमकी याच प्रथिनाला चिकटून बसतात. मग निरोप साचत जातात. घाम, लाळ आणि डोळ्यांतून पाणी येते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, उलट्या होतात, छाती भरून येते आणि शेवटी श्वास थांबतो. किडा मरतो तोही असाच.

किट काय करते?

१९६१ मध्ये जॉर्ज एलमन आणि सहकाऱ्यांनी एक सोपी युक्ती प्रसिद्ध केली. रक्ताच्या नमुन्यात असे द्रव्य घालायचे, जे कोलिनेस्टरेझने तोडले की पिवळा रंग तयार होतो. रंग भराभर चढला तर प्रथिन शाबूत आहे, रेंगाळला तर ते विषाने अडवले आहे. आजही अनेक किट याच तत्त्वावर चालतात. म्हणजे २०१७ मध्ये ही पद्धत छप्पन्न वर्षांची जुनी होती. विज्ञान कधीच तयार होते, ते गरजूच्या जवळ पोहोचले नव्हते.

तपासणीच्या मर्यादाही ओळखा

पहिली गोष्ट, उपचार रिपोर्टसाठी थांबत नाहीत. लक्षणे दिसताच डॉक्टर अॅट्रोपिन सुरू करतात.

दुसरी, निरोगी माणसांतही ही पातळी कमी-जास्त असते. म्हणून अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १९७४ पासून अशी औषधे नियमित हाताळणाऱ्या शेतकामगारांची पातळी आधीच मोजून ठेवतात. पुढे ती घसरली की त्यांना त्या कामावरून बाजूला करतात. आपल्याकडेही हंगामाआधीची एक तपासणी मोलाची ठरेल.

तिसरी, सगळीच कीटकनाशके या प्रथिनावर काम करत नाहीत. पायरेथ्रॉइड किंवा डायफेंथियुरॉन यांच्या विषबाधेत रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. त्यामुळे नॉर्मल रिपोर्ट म्हणजे धोका नाही, असे समजू नका.

तुमच्या हातात काय आहे?

फवारताना चक्कर, मळमळ, धूसर दिसणे किंवा जास्त घाम जाणवला तर काम लगेच थांबवा. भिजलेले कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा आणि दवाखाना गाठा. सोबत औषधाची बाटली किंवा तिचे लेबल न विसरता न्या. कोणते औषध होते हे कळले, तर कोणती तपासणी करायची आणि तिचा अर्थ काय लावायचा हे डॉक्टरांना ठरवता येते.

"थोडं गरगरलं, एवढा पंप संपवतो आणि मग बसतो," असे मात्र कधीही करू नका. शरीरात साचलेले निरोप पंप रिकामा होण्याची वाट पाहत नाहीत.