जिथे चूक, तिथेच दुरुस्ती

20 जानेवारी 1823. तुम्ही हिंगणघाटला मोजणीखात्याच्या मुक्कामावर उभे आहात. हैदराबादहून नागपूरकडे निघालेलं पथक इथे थांबलं आहे आणि तंबूत विल्यम लॅम्बटन अखेरचा श्वास घेतो आहे. मद्रासजवळ 1802 मध्ये जमिनीवर एक रेषा मोजून त्याने हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. वीस वर्षं ती मोजणी उत्तरेकडे आणत आणत तो इथवर आला. त्याची कबर हिंगणघाटातच होणार आहे.

निघण्याआधी त्याच्या कामाची रीत समजून घ्या. आधी जमिनीवर साखळीने एक पाया मोजायचा. मग टेकड्या, मनोरे, देवळांची शिखरं यांच्यावरून कोन घेत त्रिकोणाला त्रिकोण जोडत शेकडो मैल जायचं. आणि मग पुन्हा खाली उतरून नवा पाया साखळीने मोजायचा. गणिताने निघालेली लांबी आणि हाताने मोजलेली लांबी शेजारी शेजारी मांडायची. चूक असेल तर ती तिथे उघडी पडते. चूक होणारच हे धरून, ती पकडण्याची जागा कामातच राखून ठेवलेली असते. 1808 मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना याच पथकाचा कोन मोजायचा अवजड थिओडोलाइट आपटून बिघडला, तेव्हा लॅम्बटनने स्वतः बसून तो पूर्ववत केला. त्याच्यानंतर आलेला एव्हरेस्ट 1837 मध्ये सिरोंजचा पाया दुसऱ्यांदा मोजणार आहे, आणि पहिल्यांदाही तो त्याने स्वतःच मोजलेला असेल.

आता एकोणसाठ वर्षं पुढे या. गाव तेच, महिना तोच, साल 1882.

कापसाचा हंगाम भरात आहे. वणा नदीकडून बंड्यांची रांग लागली आहे. हिंगणघाटी कापसाचं नाव दूरच्या बाजारांपर्यंत पोचलं आहे आणि वर्धा-वरोरा रेल्वे गावातून जाते. तुम्ही एका अडत्याच्या गादीवर बसला आहात. टपालाने पुण्याचा ‘केसरी’ आला आहे. वाचता येणारे मोजके, ऐकणारे बरेच. “वाचा नं जी मोठ्यानं,” कोणीतरी म्हणतो.

तुम्ही वाचता. कोल्हापूरच्या तरुण छत्रपती शिवाजी महाराजांचा छळ चालला आहे, ते वेडे ठरवले जात आहेत, आणि त्यामागे कारभारी महादेव बर्वे यांचा हात आहे. बर्व्यांच्या हातची म्हणून काही पत्रंही पुढे आली आहेत, ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी त्यांच्यावर भरवसा ठेवला आहे. गादीवर कोणी हळहळतो, कोणी बर्व्यांना शिव्या देतो. ऐकणाऱ्यांतल्या कोणीही कोल्हापूर पाहिलेलं नाही. छापलं आहे म्हणजे कोणीतरी खातरजमा केलीच असणार, एवढाच त्यांचा आधार.

त्या पत्रांची खातरजमा झालेली नाही. हे पाहायला तुम्हाला पुण्याच्या छापखान्यात जावं लागेल.

तिथे दोन तरुण आहेत. ‘केसरी’ गोपाळ गणेश आगरकर पाहतात, ‘मराठा’ बाळ गंगाधर टिळक. दोघांनी अजून सव्विशी गाठलेली नाही, दोन्ही वर्तमानपत्रं निघून एकच वर्ष झालं आहे. खिळे जुळवणाऱ्याच्या हाताकडे पाहा. एकेक अक्षर खणातून उचलून ओळ भरायची, ओळींचा मजकूर बांधायचा, शाई फिरवायची, दाबायचं. अंक छापून झाला की तेच खिळे सुटे करून पुन्हा आपापल्या खणांत जातात. गेलेल्या अंकातलं एक अक्षरही आता कोणाला बदलता येणार नाही. पुढच्या मंगळवारी, नव्या जुळणीने, नव्या ओळींत काय ते सांगायचं.

बर्वे अब्रुनुकसानीचा खटला भरतात. ती पत्रं बनावट निघतात. टिळक-आगरकर माफी मागतात. बर्वे खटला मागे घेत नाहीत आणि मुंबई उच्च न्यायालय जुलैमध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद सुनावतं. त्याआधी जामिनासाठी दहा हजार रुपयांची सोय जोतीराव फुल्यांच्या खटपटीने झालेली असते. ज्यांच्याशी या मंडळींचे मतभेद जगजाहीर, तेच त्या वेळी पाठीशी उभे राहतात.

डोंगरीच्या तुरुंगात थोडं थांबा. एका लहानशा खोलीत दोघे मित्र रात्र रात्र वाद घालत आहेत. आगरकर शेक्सपिअरचं ‘हॅम्लेट’ मराठीत आणत आहेत, ते पुढे ‘विकारविलसित’ म्हणून छापलं जाईल. शिक्षेत सूट मिळून 26 ऑक्टोबरला दोघे सुटतात, तेव्हा दाराशी लोकांची गर्दी आहे. या दिवसांवर आगरकर ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे 101 दिवस’ लिहितील.

त्या गर्दीत उभे असताना एक गोष्ट विसरू नका. पुढच्या वर्षी, 25 डिसेंबर 1883 रोजी, अहमदनगरच्या किल्ल्यात गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर ते छत्रपती मरण पावतील. म्हणजे संपादकांची काळजी खरी होती. पुरावा मात्र खोटा होता. खऱ्या काळजीने खोटा पुरावा खरा होत नाही, आणि उद्देश चांगला होता म्हणून बर्व्यांवर आलेलं किटाळ धुतलं जात नाही. ते माफीनेही पूर्ण धुतलं गेलं असेल असं मला वाटत नाही, कारण आरोप ऐकणाऱ्या प्रत्येक कानाशी माफी पोचत नसते. गर्दीने दोघांना डोक्यावर घेतलं. माझा मान त्यांना दुसऱ्या कारणासाठी आहे: पत्रं बनावट आहेत हे दिसल्यावर त्यांनी ती खरी ठरवण्याचा हट्ट धरला नाही.

आता आजच्या हिंगणघाटात या. बाजार समितीच्या आवारात तुमचा फोन वाजतो. कापसाचा भाव, एका अपघाताची बातमी, कोणावर तरी केलेला आरोप, सगळं एकाच पडद्यावर. आता खिळे नाहीत, छापून झालेलंही बदलता येतं. धोकाही तिथेच आहे. सकाळी एक आकडा असतो, दुपारी दुसरा, आणि मधे काय झालं याची कुठेही खूण नाही. सकाळचा आकडा पाहून गाडी भरलेल्या शेतकऱ्याने कोणाला विचारायचं?

नियम नाहीत असं नाही. प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाची आचारसंहिता सांगते की चूक लक्षात आली की वृत्तपत्राने आपणहून, तत्परतेने आणि ठळकपणे दुरुस्ती छापावी, चूक गंभीर असेल तर दिलगिरीही व्यक्त करावी. लंडनच्या ‘गार्डियन’ने 1997 मध्ये आणि आपल्याकडे ‘द हिंदू’ने 2006 मध्ये वाचकांच्या तक्रारी ऐकून दुरुस्त्या छापणारा स्वतंत्र संपादक नेमला. लॅम्बटनचा दुसरा पाया तो हाच: तपासणीची जागा आधीपासून राखून ठेवायची, खटला होईपर्यंत थांबायचं नाही.

मथळा पहिल्या पानावर आणि दुरुस्ती आतल्या पानाच्या तळाशी, ही दुरुस्ती नव्हे. चूक जिथे छापली तिथेच, काय चुकलं आणि खरं काय हे दोन्ही सांगून, ती छापली पाहिजे. असं करणाऱ्या पत्राची पत घटत नाही. चुका सगळ्यांच्याच होतात, आणि जे पत्र त्या दाखवतं त्याच्या उरलेल्या मजकुरावर विसंबता येतं.

तुमच्याकडेही एक काम आहे. जो आरोप तुम्ही ज्या ग्रुपवर पाठवला, त्याचा खुलासा आला की तो त्याच ग्रुपवर पाठवा. 1882 साली गादीवर मोठ्याने वाचणाऱ्याला पुढच्या टपालापर्यंत थांबावं लागे. तुम्हाला थांबायचं कारण नाही.