कोंड्यातले कुलूप : कोंबडीचे खाद्य आणि ८४ वर्षे पडून राहिलेला शोध

१/ ठाणे-कल्याण पट्ट्यात मानपाडा नावाची दोन ठिकाणे आहेत : एक ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, दुसरे डोंबिवली पूर्वेस. आज दोन्हीकडे इमारतींची दाटी आहे. परंतु हा मुलूख मुळात भातशेतीचा. अशा गावांत परसातील कोंबडी कण्या, कोंडा आणि उकिरड्यावरचे किडे यांवर जगे. त्या कोंड्यात विज्ञानाच्या इतिहासातील एक विलक्षण प्रकरण दडले आहे. ते या धाग्यात पाहू.

२/ प्रथम अंड्याचा हिशेब. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. कोंबडीच्या सबंध सांगाड्यात मिळून साधारण २० ग्रॅम. म्हणजे वर्षाला ३०० अंडी देणारी कोंबडी आपल्या सांगाड्याच्या ३० पट कॅल्शियम कवचांवाटे देऊन टाकते. खाद्यातून ते मिळाले नाही, तर ती स्वतःची हाडे झिजवते. पिंजऱ्यातील अशा कोंबड्यांना अखेर उभेही राहता येत नाही.

३/ परसातल्या देशी कोंबडीवर हा भार नव्हता. तिची अंडी वर्षाला पन्नास-साठ. पुढे पुण्यात मुख्यालय असलेला व्यंकटेश्वरा हॅचरीज हा उद्योग डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली उभा केला, १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली आणि अंडे परसातून शेडमध्ये गेले. शेडमधली कोंबडी काही शोधून खाऊ शकत नाही. पुढ्यात पडेल तेच तिचे अन्न : मका, सोयाबीनची पेंड, तेल काढलेला भाताचा कोंडा.

४/ येथे फॉस्फरसची अडचण उभी राहते. हाडात कॅल्शियम साठतो तो फॉस्फरसच्या सोबतीनेच. धान्यात व पेंडीत फॉस्फरस भरपूर असतो. पण त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग फायटिक आम्लात बंदिस्त असतो. हे आम्ल जस्त, लोह आणि कॅल्शियमही जखडून ठेवते. ते फोडण्याची पुरेशी क्षमता कोंबडीच्या आतड्यात नाही. त्यामुळे बराचसा फॉस्फरस विष्ठेवाटे तसाच बाहेर पडतो.

५/ या कुलपाची किल्ली १९०७ मध्येच सापडली होती, तीही भाताच्या कोंड्यात! जपानमध्ये उमेतारो सुझुकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी फायटिक आम्ल फोडणारे विकर, म्हणजेच एन्झाइम, तेथे शोधून काढले. त्याचे नाव फायटेज. याच सुझुकींनी १९१० मध्ये कोंड्यातून आज बी-१ म्हणून ओळखले जाणारे जीवनसत्त्व वेगळे केले. जीवनसत्त्व गाजले, विकर मात्र मागे पडले.

६/ का? कारण पर्याय स्वस्त होता. हाडांची भुकटी किंवा खाणीतल्या खडकापासून केलेले फॉस्फेट खाद्यात मिसळले की काम भागे. १९६८ मध्ये अमेरिकेत नेल्सन व सहकाऱ्यांनी बुरशीपासून मिळवलेल्या फायटेजचा कोंबडीच्या पिल्लांना उपयोग होतो, हे दाखवून दिले. त्याच वर्षी राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे फॉस्फेटचा मोठा साठा सापडला. खडक मुबलक आणि विकर महाग, अशी स्थिती होती.

७/ चित्र पालटले ते नेदरलँड्समध्ये. दाट पशुपालनामुळे विष्ठेतला फॉस्फरस जमिनीत व पाण्यात साचू लागला आणि १९८०च्या दशकात कायद्याने त्यावर मर्यादा आल्या. त्याच सुमारास जनुकतंत्राने बुरशीकडून हे विकर मुबलक करून घेता येऊ लागले. १९९१ मध्ये फायटेज व्यापारी स्वरूपात बाजारात आले. शोधापासून ८४ वर्षांनी! पुढे २००८ मध्ये फॉस्फेट खडकाचे भाव कडाडले, तेव्हा त्याची किंमत साऱ्या जगाला कळली.

८/ आता पुन्हा ठाण्यात येऊ. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत, वागळे इस्टेट, १९६२ नंतर येथेच वसली. १९८९ साली स्थापन झालेल्या अ‍ॅडव्हान्स्ड एन्झाइम टेक्नॉलॉजीज या कंपनीचे मुख्यालयही ठाण्यातच आहे आणि ती पशुखाद्यासाठीही विकरे बनवते. भातखाचरांच्या या मुलखात कोंड्याचे कुलूप उघडणारा उद्योग रुजला, तो असा.

९/ विकर म्हणजे जादू नव्हे. योग्य मात्रेत ते एक टन खाद्यामागे साधारण १ किलो फॉस्फरस मोकळा करते. कॅल्शियम मात्र चुनखडीतून वा शिंपल्यांच्या चुऱ्यातून द्यावाच लागतो. तोही बारीक पिठासारखा अति झाला, तर फायटिक आम्लाला चिकटून विकराच्या कामात अडथळा आणतो. म्हणून जाड कण पसंत केले जातात. ते पोटात हळूहळू विरघळतात आणि कवच घडते त्या रात्रीच्या वेळी उपयोगी पडतात.

१०/ मित्रांनो, शोधाचे वर्ष आपण पाठ करतो. तो वापरात केव्हा व का आला, हे क्वचितच विचारतो. फायटेजबाबत ज्ञान होते, प्रयोगही झाले होते. उणीव होती ती गैरसोयीची किंमत मोजणाऱ्याची. ८४ वर्षे ती किंमत खाणींनी आणि पाण्याने चुकवली. कायद्याने ती उत्पादकाच्या वहीत मांडली, तेव्हाच कोंड्यातले कुलूप उघडले.