कुकडीकांठचे बिनखवल्यांचे मासे व त्यांचें आमिष

जुन्नर तालुक्यांतील बोरी बुद्रुक हें गांव संशोधकांस ठाऊक आहे तें तेथील ज्वालामुखीच्या राखेमुळें. कुकडी नदीच्या कांठच्या थरांत सांपडलेल्या या राखेचें वृत्त डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९८९ सालीं प्रसिद्ध केलें. ती सुमात्रा बेटांतील टोबा ज्वालामुखीची असावी असा अनेकांचा अभिप्राय पडला, तथापि तिचें वय पाऊण लाख वर्षें कीं चौदा लाख वर्षें याविषयीं पुष्कळ वाद झडला. तिच्या सान्निध्यांत अश्यूलियन धाटणीचीं दगडी हत्यारेंही मिळालीं. गांवाच्या नांवांतील 'बुद्रुक' म्हणजे फारसी 'बुजुर्ग', हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. आमचा आजचा विषय मात्र त्या राखेहून फार अलीकडचा आणि दप्तरांत शोधूं गेल्यास हातीं न लागणारा असा आहे. याच नदीच्या उथळ पाण्यांत शिंगाळा, शिंगटी, घोगरा वगैरे बिनखवल्यांचे, मिशांचे मासे तयार केलेल्या आमिषानें धरण्याची जी विद्या आहे, तिचा लेखी पुरावा कोठें आहे व तो कसा वाचावा, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

कुकडी सह्याद्रीच्या माथ्यावर नाणेघाटाच्या परिसरांत उगम पावते. पूर येथील कुकडेश्वराचें देवालय व जुन्नर शहर मागें टाकून ती बोरीवरून पूर्वेस जाते, निघोजपाशीं खडकांत प्रसिद्ध रांजणखळगे कोरते आणि पुढें घोड नदीस मिळून भीमेंत जाते. अशी नदी पावसाळ्यांत दुथडी भरून वाहते व उन्हाळ्यांत तुटक डोहांची एक माळ होऊन राहते. दोन डोहांमधील गुडघाभर पाणी हेंच आमच्या विषयाचें क्षेत्र. दिवसा हे मासे डोहांतील कपारींत व चिखलांत पडून असतात आणि दिवस मावळल्यावर कांठच्या उथळ पाण्यांत चरावयास निघतात. पहिल्या पावसाचें गढूळ पाणी आलें म्हणजे चढणीचे मासे त्याच उथळांतून प्रवाहाविरुद्ध वर जातात.

या माशांस खवले नसतात. त्यांच्या मिशांवर व बऱ्याच अंशीं उघड्या कातडीवरही रुचि जाणणारीं इंद्रियें असतात. ज्या पाण्यांत डोळ्यांस कांहीं दिसत नाहीं तेथें हा प्राणी चवीनें व वासानें अन्न हुडकीत फिरतो. म्हणूनच त्याच्यासाठीं चकाकणाऱ्या वस्तूचा उपयोग थोडा आणि वास सुटणाऱ्या गोळ्याचा फार. कणीक घट्ट मळावी, कारण सैल कणीक पाण्यांत तत्काळ विरते. तींत भाजलेली पेंड कुटून घालावी, म्हणजे वास दूरवर जातो. मांसाहारी जातींस गांडूळ, आंतडीं किंवा जिवंत चिंगळी लावावी. आणि गळ टाकण्याच्या आधीं कांहीं दिवस सायंकाळीं एकाच जागीं चारा टाकून माशांस त्या जागेची संवय लावावी. या शेवटच्या रीतींतच सर्व कौशल्य आहे, कारण गळ हा नंतरचा, आधीं स्थळ तयार करावें लागतें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हल्लीं सर्रास वापरली जाणारी भुईमुगाची पेंड जुनी असूं शकत नाहीं, कारण भुईमूग हें पीकच मुळीं अमेरिका खंडांतून आलें. पूर्वीचें आमिष कल्पावयाचें तर तिळाची किंवा करडईची पेंड कल्पिली पाहिजे. धरतांना या माशाचे कांटे फार सांभाळावे लागतात. शिंगटीचा छातीचा कांटा हातांत शिरला म्हणजे हात कित्येक तास ठणकत राहतो.

घोड नदीकांठच्या इनामगांव येथें १९६८ पासून १९८३ पर्यंत जें उत्खनन झालें, त्यांत ताम्रपाषाणयुगीन वसाहतींत माशांचीं हाडें मिळालीं. तेव्हां या खोऱ्यांत मासे खाणें तीन हजार वर्षांहून जुनें आहे, याविषयीं शंका नको. शिलालेखांकडे वळावें तर नाशिकच्या पांडवलेण्यांत मुगूदास नांवाच्या एका 'दासका'नें सहकुटुंब दिलेलें लेणें आहे. 'दासक' म्हणजे मासे धरणारा, असा अर्थ सेनारनें केला. जुन्नरच्या लेण्यांतील एका लेखांत बांबूचें काम करणाऱ्यांच्या, म्हणजे 'वसकारां'च्या, श्रेणीचा उल्लेख येतो. काठी व पाण्यांत लावावयाचे सांपळे बांबूचेच होत. तथापि एवढ्यावरून त्या श्रेणीचा मच्छीमारीशीं संबंध जोडणें धाडसाचें होईल, आणि आम्ही तें करीत नाहीं. मासे धरणारा मनुष्य दोन हजार वर्षांपूर्वीं लेणें कोरवून देण्याइतका संपन्न होता, इतकें नाशिकच्या लेखानें निश्चित होतें.

आमिषाविषयींचा पहिला शास्त्रीय लेख मात्र राजदरबारांतून आला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणि' हा ग्रंथ शके १०५१ चा, म्हणजे इ. स. ११२९ चा. त्याच्या पांच विंशति व शंभर अध्याय आहेत. चवथ्या विंशतींत राजाचे विनोद सांगितले आहेत, त्यांत 'मत्स्यविनोद' येतो. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकर यांनीं हा ग्रंथ संपादिला, व त्याचा दुसरा भाग १९३९ सालीं निघाला. त्यापूर्वीं हें प्रकरण फारसें कोणाच्या वाचनांत नव्हतें. पुढें १९५१ सालीं प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेंत त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला.

सोमेश्वर माशांचे समुद्रांतील व नद्यांतील, मोठे, मध्यम व लहान, आणि खवल्यांचे व कातडीचे असे भेद करतो. आम्हांस यांतील शेवटचा भेद महत्त्वाचा वाटतो. ज्यास मासा ताटांतच भेटतो तो चव व कांटे यांवरून प्रकार पाडील. खवले आणि कातडी यांवरून प्रकार पाडणारा मनुष्य मासा हातांत धरणारा असला पाहिजे. पुढें निरनिराळ्या माशांस निरनिराळा चारा सांगितला आहे, आणि मग दोरी, काठी, गळ यांचें वर्णन येतें. आधीं चारा घालून मासे वाढवावे व मग धरावे, हा जो क्रम ग्रंथांत आहे, तोच क्रम आजचा गळ टाकणारा पाळतो. शिवाय ग्रंथांतील माशांचीं पुष्कळशीं नांवें संस्कृत कोशांत सांपडत नाहींत. तीं देशी आहेत. म्हणून आमचें मत असें कीं, मत्स्यविनोद हें प्रकरण राजाच्या नांवावर असलें तरी तें कोणा कोळ्या-भोयाच्या तोंडून ऐकून लिहिलेलें आहे. संस्कृत श्लोक हा त्यावरचा अंगरखा होय.

याच्या उलट उदाहरण 'पाठीन' या शब्दाचें. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत हव्यकव्यास चालणाऱ्या माशांत रोहिताबरोबर पाठीनाचें नांव येतें, आणि अमरकोश त्यास 'सहस्रदंष्ट्र' असा पर्याय देतो. रुंद जबड्यांत बारीक दांतांच्या दाट पट्ट्या असलेला जो मोठा बिनखवल्यांचा मासा पडीण या नांवानें ओळखिला जातो, त्यास हें विशेषण तंतोतंत लागू पडतें. 'पडीण' हा 'पाठीन' याचाच अपभ्रंश होय. येथें शब्द ग्रंथांतून आमच्यापर्यंत आला. सोमेश्वराच्या बाबतींत शब्द नदीवरून ग्रंथांत गेले.

यानंतर सातशें वर्षांचें अंतर आहे. वतनांचे, इनामांचे, तंट्यांचे कागद या प्रदेशांत विपुल आहेत, पण कणकेंत काय मिसळावें हें महजरांत कोण लिहितो? ज्यांस तें ठाऊक होतें त्यांस लेखणीचें काम नव्हतें, आणि ज्यांच्या हातीं लेखणी होती त्यांस मासळीचा विटाळ होता. या मौनास पहिला छेद दिला तो कर्नल विल्यम हेन्री साइक्स यानें. १८२४ पासून तो मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून दक्षिणेंत फिरत होता. दख्खनच्या माशांवरील त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र सभेपुढें १८३८ सालीं वाचला गेला व १८४१ सालीं सविस्तर छापला गेला. साइक्सनें बऱ्याच नव्या माशांस लॅटिन नांवें देतांना दुसरें पद मराठी ठेविलें. शिंगाळा, शिंगटी, घोगरा हीं नांवें अशा रीतीनें जगाच्या शास्त्रांत गेलीं. पुढें फ्रान्सिस डे यानें १८७५ ते १८७८ या काळांत हिंदुस्थानच्या माशांवर आपला मोठा ग्रंथ छापला. डेच्या व नंतरच्या पंडितांच्या हातून या नांवांचें पहिलें पद बदललें, परंतु वर दिलेल्या तिहींत दुसरें पद आजही साइक्सचेंच आहे.

हस्तलिखितें जमविणाऱ्या आमच्या वाचकांस आमची विनंति अशी कीं, साइक्सचा हा निबंध प्राणिशास्त्राचा म्हणून बाजूस न सारितां मराठीचा एक कागद म्हणून वाचावा. तो मोडींत नाहीं, कंपनीच्या काळच्या रोमन लिपींत आहे, आणि मोडीप्रमाणेंच त्याचीही किल्ली सांपडावी लागते. किल्ली त्याच्याच लिखाणांत आहे. 'दख्खन' हा शब्द तो दोन्ही ठिकाणीं 'यू' अक्षर घालून लिहितो. म्हणजे त्याचा 'यू' हा आपला 'अ'. 'मुठा-मुळा' लिहितांना तो 'ओ' घालतो, आणि दीर्घ ऊकारास दोन 'ओ' लावतो. आतां त्याच्या यादींत एक नांव 'एन-यू-के-टी-ए' असें आहे. तें 'नुक्ता' असें वाचल्यास कांहींच बोध होत नाहीं. किल्ली लावली म्हणजे 'नकटा' निघतें, आणि त्या माशाच्या मुस्कटावर आडवी खोल खांच आहे, जणूं नाक कापल्यासारखी! दुसरें एक नांव 'पी-ओ-टी-ए-आय-एल' असें आहे. कंपनीच्या कागदांत 'पाटील' हा शब्द याच अक्षरांनीं लिहीत. कुणब्यांच्या गांवांत माशालाही पाटीलकी मिळाली, असें दिसतें.

मिशांच्या माशांकडे परत यावयाचें तर त्यांत 'के-यू-टी-यू-आर-एन-डबल ई' असें एक नांव आहे. तें 'कुतुरनी' नव्हे. या किल्लीनें तें 'कतरणी' किंवा 'कटरणी' होतें. घोगऱ्याचें नांव तो 'एच' न घालतां लिहितो, म्हणून कोणी म्हणेल कीं मूळ शब्द 'गोगरा' असावा. परंतु शिंगाळ्यांत जेथें महाप्राण नाहीं तेथें त्यानें 'एच' घातला आहे, तेव्हां या अक्षरावर भरंवसा ठेवतां येत नाहीं. हा मासा पाण्याबाहेर काढला असतां कांट्यांच्या घर्षणानें खरखरीत आवाज करतो. त्यावरून 'घोगरा' हेंच मूळ, असें आम्ही धरतों. मागूर या नांवाचें मात्र श्रेय दक्षिणेकडे घेऊं नये. तें हॅमिल्टननें १८२२ सालीं गंगेच्या माशांवरील ग्रंथांत आधींच घेतलें होतें.

हेन्री सलिव्हन टॉमस याचें गळाच्या मच्छीमारीवरील इंग्रजी पुस्तक १८७३ सालीं निघालें, त्यांतही कणकेच्या गोळ्यांची चर्चा आहे. पण तो साहेब लोकांसाठीं लिहितो, आणि मोठ्या खवल्यांच्या माशांशीं झुंजण्याचा शोक हा त्याचा खरा विषय. आमच्या कामास तें पुस्तक थोडें पडतें. १८९७ च्या मत्स्य कायद्यानें नदींत सुरुंग लावणें व विष कालवणें यांस मनाई केली. गेळफळासारखीं माशांस गुंगी आणणारीं फळें कुटून डोहांत टाकण्याची चाल जुनीच आहे, आणि आमिषाची विद्या न साधणारास तोच सोपा मार्ग. विषानें डोहांतील लहानमोठा सर्व जीव वर येतो, गळानें हवा तोच येतो. कायद्याच्या आधींही जाणत्या मच्छीमारास हा भेद समजत होता, असें मानावयास हरकत नाहीं.

बोरीच्या वरच्या बाजूस येडगांवचें धरण १९७७ सालीं झालें, त्याच्याही वर माणिकडोह १९८४ च्या सुमारास. त्यानंतर कुकडीचें पाणी पावसाच्या नव्हे, पाटबंधाऱ्याच्या आवर्तनाच्या हिशेबानें चढतें-उतरतें. चढणीच्या माशास ज्या गढूळ लोंढ्याची खूण हवी, ती आतां त्याच वेळीं मिळेल असा नेम नाहीं. त्यांतच आफ्रिकेंतील मागूर तळ्यांतून पाळला जाऊं लागला. हा इतर माशांस खाऊन टाकणारा असल्यानें त्याच्या पालनास सरकारी बंदी आहे, तरी चोरून पालन होत राहिलें. नदींतून मासा गेला म्हणजे त्याचें आमिष विसरलें जातें, आणि आमिषामागून नांव जातें, कारण या माशांचीं नांवें उच्चारण्याचें दुसरें कारणच गांवांत उरत नाहीं.

नांवें टिपण्याचा परिपाठ साइक्सबरोबर संपला नाहीं, हें मात्र नमूद केलें पाहिजे. सी. व्ही. कुलकर्णी यांनीं १९५२ सालीं पंचगंगेंतील एका लहान बिनखवल्यांच्या माशाचें वर्णन छापलें. तो इतर माशांचे खवले तोडून खातो, म्हणून त्याचें लॅटिन नांव 'खवलचोर' असेंच ठेविलें आहे. ज्यास स्वतःस खवले नाहींत त्यानें ते दुसऱ्याचे चोरावे, ही थट्टा ज्यानें प्रथम केली तो पंचगंगेवरचा मनुष्य मोठा रसिक असला पाहिजे.

साइक्सच्या यादींत मिशांच्या माशांचीं आणखी तीन नांवें आहेत, तीं रोमन अक्षरांवरून 'गूंगवारी', 'टाकरी' अथवा 'ताकरी', आणि 'इचकीया' अशीं वाचतां येतात. घोड, कुकडी, मीना किंवा भीमा यांच्या कांठीं हीं नांवें कोणाच्या ऐकण्यांत असल्यास, अथवा जुन्या वह्यांत, बाजाराच्या टांचणांत किंवा औषधीच्या बाडांत माशांच्या नांवांची एखादी यादी कोणाच्या संग्रहीं असल्यास, ती नक्कल करून गांवाच्या नांवासह आमच्याकडे पाठवावी.